चार मात्रांची जागा

सावर्डे,
९ मार्च २०२५

चि. रसिका हिस,
दादाचा सप्रेम जयभीम.

माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस. पोस्टात तशी सोय नाही, म्हणून हे पत्र. पत्ता आईकडून घेतला. तिने तो सहजासहजी दिला नाही, "कशाला पायजे?" असं तीनदा विचारलं, हे तिच्या बाजूने नमूद करून ठेवतो.

विषय: तुझ्या बँडचा नवीन अल्बम.

'वस्तीची गाडी' या तुमच्या बँडचा 'दहा मिनिटं थांबेल' हा आठ गाण्यांचा अल्बम ऐकला. मुद्दाम शोधून ऐकलेला नाही. आमच्या अलोऱ्याच्या ऑफिसात गुरुप्रसाद नावाचा ज्युनिअर इंजिनिअर आलाय, राजापूरचा. गाणी लावल्याशिवाय त्याला नकाशे दिसत नाहीत. चार दिवस तो तुमचीच गाणी वाजवत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "भाऊसाहेब, ही बाई आपल्या चिपळूण साईडची वाटते हो. बोलण्यावरून कळतं." मी म्हटलं, "असेल." आणि फाईल पुढे ओढली.

नेटवर तुमचं कौतुक छापून आलंय, तेही त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. 'स्वतंत्र बाण्याचा गिटार-पॉप बँड' आणि 'कमालीचा मधुर अल्बम'. मधुर मुरांबा असतो. गाण्याबद्दल बोलायचं तर नीट बोलावं. बाबांच्या हाताखाली आणि त्यांच्या नंतर मिळून मी तीस वर्षं पेटी वाजवतोय, तेवढा अधिकार मला आहे असं समजून बोलतो.

पहिल्या गाण्यात गिटारचे दोन ठोके येतात, कंडक्टरने डबल बेल द्यावी तसे, आणि चाल सुटते. शेवटी एकच ठोका, गाडी थांबली. ज्याने एसटीत उभ्याने प्रवास केलाय त्याला हे कुणी समजावून सांगायला नको. मला आवडलं. तिसरं 'सुकट'. चाल इतकी आनंदी आहे की शब्दांकडे लक्ष जायला दोनदा ऐकावं लागतं. आईच्या पिशवीला वास येतो म्हणून आरामगाडीत शेजारच्या बाईने नाक मुरडलं होतं आणि पिशवी मागच्या डिकीत टाकायला लावली होती, तो प्रसंग. मीही होतो त्या गाडीत. मी तेव्हा भांडायला हवं होतं. तू गाण्यात भांडलीस आणि तेही हसत हसत.

दुसरी गिटार वाजवणारी ईशा कोण आहे? तिचा हात फार चांगला आहे. कुठेही बडबड नाही, तुझा आवाज आला की बाजूला होते. ड्रमवाला विनीत मात्र अधूनमधून तुझ्या पुढे पळतो. त्याला आवर.

पाचवं 'शिक्का'. चष्मा कपाळावर चढवून बसणारा, वाक्यागणिक 'सदर' म्हणणारा, प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारणारा तो माणूस कोण, असं मी विचारणार नाही. चाल उत्तम आहे. ती मी ऑफिसात गुणगुणलो, हेही नमूद.

आठव्या 'पाणवठा' या गाण्यात शेवटच्या कडव्यात एक जागा रिकामी राहिली आहे. तिथे शब्दच नाही, नुसती गिटार वाजते. रेकॉर्डिंगमधली चूक असावी. पुढच्या वेळी तपासून घ्या. बाकी आठव्याबद्दल मला सध्या काही म्हणायचं नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. ते ती तुला दर रविवारी सांगतेच. मी आलो की फोन घेऊन अंगणात जाते, तरी ऐकू येतं.

तुझा,
दादा


सावर्डे,
२३ मार्च २०२५

चि. रसिका,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पोस्टमनला मात्र मी दोनदा हटकलं, आणि दुसऱ्यांदा तो माझ्याकडे बघून हसला.

परवा रेणुकाने स्वयंपाक करताना तुझी गाणी लावली. तिला ती कुठे सापडतात हे मी विचारलं नाही. माझ्या बायकोचं आणि माझ्या बहिणीचं माझ्या पाठीमागे बोलणं चालू असेल तर असू दे. आई सुपात कुळीथ निवडत बसली होती. 'सुकट'ला हसली, डोळे पुसले, परत निवडायला लागली. आठवं लागलं आणि तिचा हात थांबला. शेवटचं कडवं झालं, ती रिकामी जागा आली आणि गेली.

"ह्यात तुजा नाव नाय," आई म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

"तिचा बी नाय."

"नाही."

"मग ह्या गाना कोनाचा हाय?"

तिने सूप पुढे ओढलं आणि खडे काढायला लागली.

तर, गेल्या पत्रात मी आठवं गाणं पहिल्यांदाच ऐकतोय असा आव आणला होता. ते गाणं मी चौदा वर्षं गातोय. वाडीतल्या जयंतीला, लग्नांना, नामकरणाला. आजीला पाणवठ्यावर पाण्याला हात लावू देत नव्हते, कोणीतरी वरून ओतेल म्हणून ती हंडा घेऊन ताटकळत उभी राहायची, आणि आज तिच्या दारात नळ आहे. एवढंच गाणं. पण ते म्हटल्यावर बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि पुरुष खाली बघायचे. आपल्या गायन पार्टीची ओळखच ते गाणं.

पार्टीचा रिवाजही बाबांपासूनचा. ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे. बाबांनी 'काशीराम सांगे' म्हणत शंभरेक गाणी बांधली. ते जाऊन सोळा वर्षं झाली तरी लोक त्या नावावरून गाणं कोणाचं ते ओळखतात. हे मी तुला सांगायला नको. पण मुद्द्यावर यायला मला वळसा लागतो, हेही तुला माहीत आहे.

मुद्दा असा. सन २०११ मध्ये बुरोंडी येथील गायन स्पर्धेच्या वेळी सदर गाण्याच्या शेवटच्या कडव्यातील नावात बदल करण्यात आला.

उशीर झाला, चिपळूणला जायची एसटी चुकेल. इथे थांबतो.

दादा


सावर्डे,
६ एप्रिल २०२५

रसिका,

मागच्या पत्रात 'बदल करण्यात आला' असं लिहून मी पाकीट बंद केलं. कोणी केला ते लिहायचं राहिलं.

मी केला.

शब्द तुझे होते, चाल तुझी होती. अठरा वर्षांची होतीस. बाबांच्या पेटीवर तुला कोणी हात धरून शिकवलं नव्हतं, माझं बघून बघून शिकलीस. वहीच्या मागच्या पानावर तू शेवटची ओळ लिहिली होतीस, 'रसिका सांगे आता, पहिली ओंजळ आजीला'. वही अजून माझ्याकडे आहे. ती मी लपवून ठेवली आहे असं म्हणणं जास्त बरोबर.

बुरोंडीला जाताना टेम्पोत भागुरामकाका ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते. मी तुझं गाणं घेणार म्हटल्यावर म्हणाले, "पोरीचा नाव घेतलास तर लोक इचारतील, पार्टीत बाप्ये कमी पडले काय?" सगळे हसले, मीही हसलो. पण काकांवर ढकलत नाही. त्यांनी चेष्टा केली, नाव मी बदललं. गाणं चांगलं होतं. मला तसं एकही बांधता आलेलं नव्हतं, आणि बाबांच्या जागेवर मी बसलो होतो. ते गाणं मला माझं हवं होतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

तू आणि आई तिसऱ्या रांगेत होतात. तू गुडघ्यावर हाताने ताल धरला होतास. मी 'अमरदीप सांगे आता' म्हटलं आणि तुझा हात थांबला. मग परत सुरू झाला. मला मंचावरून दिसलं. पहिलं बक्षीस मिळालं, ढालीवर माझं नाव कोरून आलं. परतताना तू "छान झालं, दादा" एवढंच म्हणालीस. पुढच्या जूनमध्ये मुंबईला गेलीस, आणि शाळेत नोकरी लागली म्हणून गेली असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

चार वर्षांपूर्वीचा फोन. नेटवर आमच्या पार्टीचा व्हिडिओ आहे, त्याखाली 'गीत-संगीत: अमरदीप' लिहिलंय, ते बदल म्हणालीस. मी म्हटलं, "घरातलंच आहे ना, तुझं काय, माझं काय?" तू म्हणालीस, "मग माझं घाल." मी फोन कापला. घरी मात्र तूच कापलास असं सांगितलं. आईने ते कधी खरं मानलं नाही.

आता तुझ्या त्या रिकाम्या जागेबद्दल. मी तिला चूक म्हटलं होतं. काल दुपारी पेटी काढून बसलो, गाणं लावलं आणि मात्रा मोजल्या. आठ वेळा मोजल्या. चार भरतात. रसिका, चार मात्रा.

अमरदीप सहा मात्रांचा आहे. तुझ्या चालीत तो बसत नाही. म्हणून बुरोंडीला मी तिथे ताल दोन मात्रा ओढला, काकांनी ढोलकीवर सांभाळून घेतलं. लोकांना ती ओढ इतकी आवडली की तिला 'अमरदीपची ओढ' असं नाव पडलं. खेडच्या, दापोलीच्या पार्ट्यांनी ती उचलली. नव्या मुलांना मी ती समोर बसवून शिकवली, श्वास कुठे घ्यायचा तेही सांगितलं. चौदा वर्षं लोक ज्याला माझी कला म्हणत होते, ते तुझ्या नावाच्या जागी माझं नाव दाबून बसवताना आलेलं पोक होतं.

मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय, आणि हे ऑफिसच्या भाषेत कसं लिहितात ते मला येत नाही.

सोमवारी गुरुप्रसादला सांगितलं की ती बाई माझी धाकटी बहीण आहे. तो खुर्चीतून उठलाच. "काय सांगता भाऊसाहेब! मग इतके दिवस बोलला नाहीत ते?" मी त्याला नकाशा बघायला सांगितलं.

मुंबईकर मंडळी सुट्टीत येतात म्हणून वाडीची बुद्ध-भीम संयुक्त जयंती यंदाही मे महिन्यातच आहे, १० तारखेला. मी 'पाणवठा' गाणार आहे, तुझ्या नावाने. तुझी परवानगी नसेल तर तसं आईला सांग, मी गाणं घेणार नाही. आजवर हे विचारलं नव्हतं, म्हणून विचारतोय.

दादा


सावर्डे,
११ मे २०२५

रसिका,

तू आईला ना हो म्हणालीस, ना नाही. आई म्हणाली, "ती गप ऱ्हायली. गप ऱ्हायली म्हंजे तुजा तू बघ." मी माझं बघितलं. कसं झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी लाईटचा भरवसा नसतो म्हणून कार्यक्रम चारलाच ठेवला होता. विहारासमोर मांडव. भागुरामकाका ढोलकीवर, कोरसला सहाजण. मी कोणालाही आधी काही सांगितलं नव्हतं. ही माझी चूक. सांगितलं असतं तर वाद झाला असता आणि मला वाद टाळायचा होता. मी आयुष्यभर तेच करत आलोय.

शेवटचं कडवं आलं. मी 'रसिका सांगे आता' म्हटलं, सरळ, चार मात्रांत. ओळ परत घ्यायचं काम कोरसचं. त्यांनी चौदा वर्षांच्या सवयीने घेतली, "अमरदीऽऽप सांगे आता." काकांनी सवयीने दोन मात्रा ओढल्या. मी पुढे निघून गेलो होतो, कोरस मागे, ढोलकी भलतीकडेच. ताल कोसळला. मांडवात हशा पिकला.

परत घेतलं. या वेळी कोरसमधले दोघे रसिका म्हणाले, चौघे अमरदीप. आधीपेक्षा वाईट. काका ढोलकीवर हात ठेवून माईकमध्येच म्हणाले, "अमरदीप, शब्द चुकतोस रं."

मी म्हटलं, "नाय काका. चौदा वर्सं चुकत व्हतो. गाना रसिकाचा हाय. शब्द तिचे, चाल तिची. मी माजा नाव घातला."

मांडवात कोणी हसलं नाही. मुंबई मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "बरं बरं, कार्यक्रम पुढे घ्या." मागच्या बायकांतून सोनूबाईचा आवाज आला, "आमाला वाटलाच व्हता. ह्या बायमानसाचाच गाना. बाप्याला हंड्याचा वजन काय म्हायती?" मग मात्र बायका हसल्या.

तिसऱ्यांदा घेतलं. मी ओळ म्हटली, आणि कोरसने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून आई उभी राहिली. गुडघा धरून. तिला गाता येत नाही, तुला माहीत आहे, बाबा तिला पाळण्याचं गाणंही म्हणू द्यायचे नाहीत. तिने सगळ्यांच्या आधी, माईकशिवाय, बेसूर आणि खणखणीत म्हटलं, "रसिका सांगे आता." कोरस तिच्या मागून गेला, ढोलकी कोरसच्या मागून. चारच मात्रा. ओढ नाही, काही नाही. इतकं साधं कडवं होतं ते, आणि इतकं चांगलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं.

कार्यक्रमानंतर दोघा-तिघांनी ओढीशिवाय मजा येत नाही अशी तक्रार केली. भागुरामकाका चहा न पिता गेले. आज सकाळी येऊन म्हणाले, "मी टेम्पोत बोललो व्हतो, मना आठवतंय." त्यांनाही तुला काहीतरी सांगायचंय, पण ते पत्र लिहिणाऱ्यातले नाहीत.

व्हिडिओखालचा मजकूर बदलून घेतला. आता तिथे 'गीत आणि चाल: रसिका काशीराम' असं आहे. गाण्यात अजून माझंच नाव ऐकू येतं, ते पुसता येत नाही, म्हणून कालचं गाणं नव्याने चढवायला दिलंय. ढालीवरचं नाव कोरलेलं आहे. ढाल कपाटाच्या आत ठेवली. तुझी वही या पत्रासोबत पाठवतोय. पाठीमागचं पान बघ, कोपऱ्यात मी त्या वेळी पेन्सिलने माझं नाव लिहून मात्रा मोजल्या होत्या. सहा आकडे आहेत. खोडणार होतो, नाही खोडले.

रेणुकाने कालचं रेकॉर्डिंग आईच्या फोनवरून तुला पाठवलंय. ऐकायलाच हवं असं नाही.

दादा


सावर्डे,
३० मे २०२५

चि. रसिका,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमन फाटकातूनच ओरडत आला. पाच ओळींचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. रेणुकाने ते घेऊन पुन्हा मोठ्याने वाचलं, आणि आईला पाठ झालंय. ती येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणून दाखवते, म्हणून इथेही उतरवतो, तुझ्याच शब्दांत आहे ना ते तपासून घे:

'दादा, रेकॉर्डिंग ऐकलं. तुझा वरचा सा अजून चढतो. १५ जूनला दादरला आमचा कार्यक्रम आहे, 'पाणवठा'ला कोरस कमी पडतो, आलास तर मागे उभा राहा. आईला घेऊन ये, ती पुढे बसेल. माफ केलेलं नाही.'

शेवटची ओळ आई वगळते. मी वगळत नाही. ती ओळ आहे म्हणूनच बाकीच्या चार खऱ्या वाटतात.

रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहून मोकळं व्हायची आमच्याकडे पद्धत आहे. मी 'बहिणीच्या कार्यक्रमात कोरस' असं लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. गुरुप्रसाद येतोच म्हणतोय. त्याने तिकीट काढलं, मला विचारलंही नाही. आई सुकट घेणार आहे. गाडीत कोणी नाक मुरडलं तर या वेळी मी भांडेन.

एकच विचारायचं होतं. त्या जागेवर तू तुझं नाव म्हणणार आहेस, की अल्बममधल्यासारखी नुसती गिटार वाजणार? तुला हवं ते कर, मला आधी सांगायचीही गरज नाही. घरी रोज सराव करतोय, रेणुका हाताने ताल देते. चौदा वर्षांची सवय आहे, तोंड आपोआप उघडतं. पण आता जमायला लागलंय. त्या चार मात्रा मी ओठ मिटून उभा राहीन. पाचवीला उचलतो.

तुझा,
दादा